काळा पडलेला सफेदा

“ताई, ही बाई तुम्हाला चोर वाटते का हो?”

मृदुला टिपणीस माझ्या टेबलावर ओणवी झाली होती. टेबलावर पुठ्ठ्यात ठेवलेलं ते रेखाचित्र, त्यावर माझा दिवा आणि दिव्याखाली तिचं नाक. नाकसुद्धा सरळ होतं मेलीचं.

“मला काय विचारतेस? चित्रांचे अर्थ लावणं तुमचं काम. आम्ही कागद चिकटवणारी माणसं.”

“असं काय म्हणता! सोळा वर्षं कागद बघताय तुम्ही.”

सोळा हा आकडा तिने मानाने उच्चारला होता. मला तो माझं वय काढल्यासारखा लागला.

ही गोष्ट शहाऐंशी सालच्या जानेवारीतली. मुंबईतल्या एका जुन्या संग्रहालयात मी कागदाच्या दुरुस्तीचं काम करत होते. फाटकं जोडायचं, वाळवीने खाल्लेलं भरायचं, डाग काढायचे. मृदुला येऊन उणंपुरं दीड वर्ष झालं होतं. चित्रांवर टिपणं लिहायची, लोकांना समजावून सांगायची, असं तिचं काम. एका पारशी शेटजींच्या मुलीने वडिलांनी जमवलेली चाळीस डच रेखाचित्रं आम्हाला दिली होती, त्यांतलंच हे एक.

चित्र अठराशे एकतीस सालचं. कोणी काढलं ते ठाऊक नाही, मागे नुसतं साल. त्या साली डच आणि बेल्जियन दहा दिवस एकमेकांशी लढले, हे मला मृदुलानेच सांगितलं होतं. निळसर राखाडी कागदावर काळ्या खडूने काढलेलं. मोडक्या गाडीच्या चाकाला टेकलेला एक जखमी शिपाई, कोट उघडा, मान कललेली. त्याच्यासमोर लाकडी बूट घातलेली एक खेडवळ बाई गुडघ्यांवर बसलेली. तिचा एक हात त्याच्या मानेमागे गेलेला, दुसऱ्या हातात काळ्याकुट्ट चिंधीचा बोळा, आणि तो बोळा शिपायाच्या तोंडाशी. बाईचं डोकं उघडं, केस सुटलेले.

“लढाई संपली की आजूबाजूची माणसं जखमींना लुटायला यायची,” मृदुला म्हणाली. “त्याने ओरडू नये म्हणून ही त्याच्या तोंडात बोळा कोंबतेय आणि मागच्या हाताने गळ्यातली साखळी चाचपतेय. शिवाय त्या काळची डच बाई बोडक्या डोक्याने घराबाहेर पडायची नाही. पांढरी टोपी हवीच. सगळं जुळतंय, ताई. फक्त चेहरा जुळत नाही.”

“चेहऱ्याला काय झालं?”

“बघा ना. आईसारखा चेहरा आहे. चित्रकाराला जमला नाही म्हणावं, तर शिपायाचा केवढा सुरेख जमलाय.” तिने बोट बोळ्याकडे नेलं. “म्हणून विचारते. हा बोळा मुळात काळाच असेल ना? की नंतर रंगाला काही झालं असेल? तुम्ही सांगाल तसं लिहीन.”

मी भिंग उचललं. उगीचच, कारण त्या बोळ्यात काय आहे हे मला सहा दिवसांपासून ठाऊक होतं. पण भिंग डोळ्याला लावलं की माणसाचा चेहरा झाकला जातो.

“काळाच आहे,” मी म्हणाले. “खडूचा.”

“नक्की?”

“सोळा वर्षं कागद बघतेय ना मी?”

“थँक्यू, ताई. जिवावरचं ओझं उतरलं.” आणि जाताना तिने माझा दिवा पुन्हा माझ्या बाजूला वळवून ठेवला.

आता आमच्या कामातली एक गोष्ट सांगायला हवी. जुने चित्रकार उजेड दाखवायला, कपड्यावरची चमक दाखवायला सफेदा वापरत. सफेदा शिशाचा असतो. शेटजींच्या बंगल्यात वर्षानुवर्षं गॅसचे दिवे जळले होते, आणि असल्या हवेत शिशाचा सफेदा हळूहळू काळा पडतो. इतका काळा, की बघणाऱ्याला वाटावं चित्रकाराने काळाच लावलाय. हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. भिंगाखाली कळतं, कारण खडू कागदावर भुकटीसारखा बसतो आणि सफेद्याची साय धरते. तो बोळा खडूचा नव्हता. मूळचा पांढराशुभ्र होता. लुटारू बाईच्या हातात बोळा कोंबला होता तो गॅसच्या दिव्यांनी.

चित्र माझ्याकडे आलं तीन तारखेला, आणि तीन तारखेलाच मी दुरुस्तीच्या वहीत लिहून ठेवलं होतं: ‘स्त्रीच्या हातातील वस्तूवरचा सफेदा काळा पडला आहे. उपचाराने मूळ रंग येईल.’ खाली तारीख, सही. ज्यांनी मला काम शिकवलं ते दाभाडेमास्तर म्हणायचे, “हात लावण्याआधी बघायचं, आणि बघितलं की लिहायचं. वहीत खोडायचं नाही. चुकलं तर खाली नवी ओळ लिहायची.” ही सवय माझ्या हाडात मुरली होती. तोंडाने मी खोटं बोलू शकले, वहीत नाही. आणि वही उघडून वाचायची तसदी वरच्या मजल्यावरचं कोणी घेत नसे. त्यांना काही हवं असलं की जिना उतरून तोंडीच विचारायचे.

मी असं का केलं? सरळ सांगते. मी जळत होते. हॉलंडमधलं एक संग्रहालय आमच्यापैकी एकाला सहा महिने शिकायला बोलावणार होतं. मी पूर्वी दोनदा अर्ज केला होता. पहिल्यांदा मुलगी लहान म्हणून राहिलं, दुसऱ्यांदा परदेशी माणसांपुढे बोलता येईल का, अशी शंका निघाली. या खेपेला आमचे संचालक रणदिवेसाहेब म्हणाले होते, “कुमुदताई, तुमचं नाव आहेच. पण मृदुलाचंही आहे.” त्या ‘पण’ने माझी झोप उडवली. माझ्या टाचा जिना चढून-उतरून झिजल्या आणि ही दीड वर्षात माझ्या शेजारी येऊन बसली! तिचं इंग्रजी चांगलं होतं, तिचं मराठी चांगलं होतं. अक्षर तर असं, की साहेब निमंत्रणपत्रिकांवरचे पत्ते तिच्याकडून लिहून घेत. तिच्यात खोट काढायला मी महिनोन्‌महिने खपले होते आणि एवढंच हाती लागलं होतं, की ती चहा फुर्र आवाज करून पिते.

सतरा तारखेला हॉलंडच्या त्या संग्रहालयातल्या दे व्रीस बाई येणार होत्या. त्यांच्यासमोर मृदुलाचं व्याख्यान होतं, विषय तेच चित्र. त्यानंतर नाव ठरणार होतं. वर्तमानपत्रातही आधीच छापून आलं, ‘लुटारू स्त्रीचे दुर्मिळ डच चित्र’. तरुण अभ्यासिकेचं कौतुक, वगैरे वगैरे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मग मी शांतपणे चष्मा पुसला आणि साहेबांच्या खोलीत गेले.

“साहेब, त्या चित्रावर एक छोटा उपचार करायचाय. पाहुण्यांना बघायला आवडत असेल तर व्याख्यान झाल्यावर तिथेच करते. पाच मिनिटांचं काम.”

“वा! जरूर करा. मृदुलाला सांगितलंत?”

“तिला कशाला? तिच्या भाषणात व्यत्यय नको.”

सतरा तारखेला ती मोतिया रंगाची साडी नेसून आली. आईची असावी, काठ थोडे विरले होते. तीस-पस्तीस माणसं होती. दे व्रीस बाई पुढच्या रांगेत, साठीच्या, उंच, मांडीवर उघडी वही. मृदुलाने बोलायला सुरुवात करताना माझं नाव घेऊन आभार मानले. सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं आणि मी नमस्कार केला. ताकाला जाऊन भांडं लपवणं काय असतं, ते त्या वेळी मला विचारावं.

ती छान बोलली. माणूस पडला की त्याच्याभोवती कोण कोण गोळा होतं, हे तिने इतकं हळू आवाजात सांगितलं, की मागे खुर्च्यांची कुरकुरसुद्धा थांबली. पांढऱ्या टोपीची रीत सांगितली, उघडं डोकं दाखवलं, काळा बोळा दाखवला. शेवटी म्हणाली, “या बाईचा चेहरा मात्र मला अजून छळतो.” टाळ्या झाल्या. दे व्रीस बाई उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या.

“आता आमच्या कुमुदताई,” साहेब म्हणाले.

मी ट्रे घेऊन पुढे गेले. त्यात ईथर, सफेद्याचा काळेपणा घालवणाऱ्या हायड्रोजन पेरॉक्साइडची बाटली, काचेची वाटी आणि तीन केसांचा ब्रश. हातमोजे खालीच राहिले होते. खरं सांगायचं तर राहिले नव्हते, मीच ठेवले होते. जाड रबरी मोज्यांत बोटं बोजड दिसतात, आणि त्या दिवशी मला देखणं दिसायचं होतं. बाटलीचं बूच निघेना, जोर केला तसं निघालं, आणि आतलं तीव्र पाणी माझ्या डाव्या हातावर सांडलं. मी हात पदराला पुसला आणि पुढे चालू केलं.

“हा रंग काळा नाही,” मी इंग्रजीत म्हणाले. ते वाक्य मी आठ दिवस पाठ केलं होतं.

ब्रशचं टोक बोळ्यावर टेकवलं. सगळे खुर्च्या सोडून टेबलाभोवती आले. पहिलं मिनिट काहीच झालं नाही. मग एका टोकाला काळा रंग तपकिरी झाला, तपकिरीचा भुरा झाला, आणि त्यातून पांढरं वर यायला लागलं. मी ठिपक्यापुढे ठिपका देत गेले. कापडाच्या चुण्या दिसू लागल्या. मग बारीक झालर. मग मनगटावरून खाली लोंबणारे दोन बंद.

“टोपी!” दे व्रीस बाई ओरडल्या. “अहो, ही तिची टोपी आहे!”

मलाही हे ठाऊक नव्हतं. मला पांढरी चिंधी अपेक्षित होती. तिने स्वतःच्या डोक्यावरची टोपी काढली होती आणि त्या पोराच्या तोंडातून येणारं रक्त ती टिपत होती. मागचा हात साखळी चाचपत नव्हता. त्याची मान धरून ठेवत होता. चेहऱ्यात काडीचाही बदल झाला नव्हता. तो पहिल्यापासून तसाच होता.

मी मान वर करून मृदुलाकडे पाहिलं. याच क्षणासाठी मी आठ दिवस मनात मांडे खात होते. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. माणसं तिच्याकडे बघत नव्हती, आणि ते बघण्यापेक्षा वाईट होतं. मघाशी टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी एकही जण तिच्या बाजूला उभा राहिला नाही. टेबलाच्या त्या अंगाला ती एकटीच होती.

“मृदुला,” साहेबांचा आवाज कोरडा होता, “छापायला देण्याआधी कुमुदताईंना एकदा विचारायचं नाही?”

तिने तोंड उघडलं. त्याच वेळी दे व्रीस बाईंनी विचारलं, “हे तुमच्या लक्षात कधी आलं? तुम्ही नोंद ठेवता ना?”

“ठेवतात तर!” साहेब अभिमानाने म्हणाले. “मृदुला, खालून वही घेऊन ये.”

आणि ती गेलीसुद्धा.

तीन तारीख. त्या वहीत माझ्याच हाताने तीन तारीख घातलेली होती. तिने मला विचारलं नऊ तारखेला. सफेदा काळा पडलाय हे तीन तारखेला लिहिणारी बाई नऊ तारखेला भिंग डोळ्याला लावून ‘खडू’ म्हणाली, एवढं कळायला काही पदवी लागत नाही. हॉलंड तर गेलंच, पण मुद्दाम सहकाऱ्याचा बळी देणारी बाई म्हणून सोळा वर्षांचं नावही जाणार होतं. डावा हात आता आगीत धरल्यासारखा झाला होता. तो मी पदराखाली घेतला.

ती आली तेव्हा वहीत तिचं बोट होतं. म्हणजे पान सापडलं होतं. म्हणजे तिने वाचलं होतं. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या पदराखालच्या हाताकडे. मी ओठ घट्ट दाबून धरले होते. पदराच्या कडेतून बोटं दिसत होती, कागदासारखी पांढरीफटक.

“साहेब,” ती म्हणाली, “ताईंनी हे तीन तारखेलाच लिहून ठेवलंय. मीच वही पाहिली नाही. विचारलंही नाही. माझंच चुकलं.”

“तसं वहीत लिही मग,” साहेब म्हणाले. “शेऱ्याच्या रकान्यात. सही कर.”

तिने उभ्या उभ्या लिहिलं. तेच मोत्यासारखं अक्षर. एकही अक्षर हललं नाही.

मग वही मिटून ती माझ्याकडे आली आणि कोणाला काही न सांगता माझा कोपर धरून मला बाहेरच्या मोरीवर घेऊन गेली. नळ सोडला, माझं मनगट धरलं आणि हात धारेखाली घातला. मी कळवळले तशी तिने दुसरा हात माझ्या पाठीला लावला.

“पेरॉक्साइड ना? मोजे का नाही घातले?”

मी म्हणाले, “नऊ तारखेला तू मला विचारलं होतंस.”

“हो.”

“मग असं का सांगितलंस?”

तिचे डोळे भरले होते, पण आवाज अगदी साधा होता. “राग आलाय, ताई. खूप आलाय. उद्याही असेल. पण तुम्ही तिथे अशा उभ्या होतात, हात लपवून… तेवढ्या माणसांत तुमच्यावर अजून काही टाकणं मला जमलं नाही.” मग नाक ओढून म्हणाली, “हलू नका. दहा मिनिटं तरी धरावा लागेल.”

दहा मिनिटं आम्ही तशाच उभ्या होतो. नंतर तिने आईच्या त्या साडीचा पदर ओला करून माझ्या बोटांभोवती धरला. मी ‘माफ कर’ म्हणाले नाही. म्हणायला तोंड उघडलं होतं, पण तेवढ्यात साहेब दाराशी आले आणि म्हणाले, “अभिनंदन, कुमुदताई!”

मी हॉलंडला गेले. खोटं कशाला सांगू, आनंदाने गेले. तिथे टोपीची हकिकत मला सगळ्यांनी सांगायला लावली, आणि सात-आठदा मी ती सांगितली. प्रत्येक वेळी तीन तारखेवरून उडी मारून सतरा तारखेवर यायची. परत आले तेव्हा मृदुला नोकरी सोडून नागपूरला गेली होती. तिथल्या कुठल्याशा कॉलेजात शिकवत होती म्हणे. दोनदा पत्र लिहायला बसले आणि दोन्ही वेळा प्रवासाचं वर्णन लिहून पाकीट फाडून टाकलं.

दोन हजार तीन साली मी निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी संध्याकाळी निरोपसमारंभाचा हार खुर्चीला अडकवून मी कपाटातून शहाऐंशीची वही काढली. सतरा वर्षांत मी ते पान उघडलं नव्हतं. वर माझी नोंद, आणि शेजारच्या रकान्यात तिचा शेरा: ‘कुमुद पाटणकर यांची वरील नोंद मी पाहिली नाही व त्यांना विचारले नाही. चूक माझी आहे. मृदुला टिपणीस, १७ जानेवारी.’ शाई थोडी तपकिरी झाली होती. अक्षर मात्र तसंच होतं, आणि मला त्या अक्षराचा पुन्हा हेवा वाटला. हॉलंड मला मिळालं होतं, मानपत्र मिळालं होतं, हारसुद्धा मिळाला होता. पण जी ओळ तिने उभ्या उभ्या लिहिली, तशी एक ओळ मला उभ्या जन्मात लिहिता आली नव्हती.

वहीत खोडायचं नाही. चुकलं तर खाली नवी ओळ लिहायची.

मी पेन उघडलं आणि तिच्या शेऱ्याखाली लिहिलं: ‘वरील शेरा खरा नाही. श्रीमती टिपणीस यांनी ९ जानेवारीला मला स्पष्ट विचारले होते. मला खरे ठाऊक होते. मी खोटे सांगितले.’ तारीख घातली, सही केली. माझं अक्षर तिच्याखाली फारच गचाळ दिसत होतं.

शाई वाळेपर्यंत वही उघडी ठेवली. मग त्या पानाची प्रत काढली, पाकिटात घातली आणि नागपूरच्या कॉलेजाचा पत्ता विचारायला वर ऑफिसात गेले.